माझा अनुभव : ह्यांचा पार्किन्सन्स आणि आमचा गट

ह्यांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला तिथून सगळं सुरू झालं. अक्षर मुंगीएवढं झालेलं, ओळीच्या शेवटी तर दिसेनासंच, आणि मी आपली ह्यांच्यावरच ओरडतेय की मोठी सही करायला काय होतं तुम्हाला. हात थरथरत नव्हता ना, म्हणून पार्किन्सन्स कोणाच्या डोक्यातच आलं नाही. न्यूरॉलॉजिस्टनी नाव घेतलं तेव्हा मी म्हटलं अहो पण कंप कुठाय, तर म्हणाले सगळ्यांना असतोच असं नाही.

पहिलं वर्ष घरातल्या घरात काढलं, कोणाला सांगायचं नाही असा ह्यांचा हुकूम. ह्या आजारात चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, ते कोणाला माहीत नसतं, नणंद लग्नात मला बाजूला घेऊन विचारतेय दादा माझ्यावर रागावलाय का, आणि मला काही सांगता येईना. शेवटी शेजारच्या काकूंनी पार्किन्सन्सवाल्यांच्या गटाबद्दल सांगितलं, महिन्यातून एकदा पुण्यातच एका हॉलमध्ये पेशंट आणि घरचे असे दोघंही जमतात. "व्याख्यान आहे" अशी थाप मारून ह्यांना नेलं.

तिथे पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला हसूच आलं, म्हटलं गोड नावं देऊन काय होणारे. (शुभार्थी हा शब्द मला अजूनही जरा जडच वाटतो.) पण गोल करून बसलो, एकेक जण बोलायला लागला, आणि एक आजोबा म्हणाले बाथरूमच्या दारात माझे पाय जमिनीला चिकटतात, तर हे पटकन म्हणाले "माझेपण". मला कधी बोलले नव्हते! मी समजत होते मुद्दाम रेंगाळतात. आजोबांच्या मुलीने सांगितलं फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या लावा, पट्टी ओलांडायची म्हटली की पाऊल उचललं जातं. दुसऱ्या दिवशी बोहरी आळीतून लाल टेप आणली, पाच पट्ट्या चिकटवल्या, आणि खरंच चालले हो. लेवोडोपाची, म्हणजे ह्याच आजारावरची गोळी वरणभाताबरोबर घेतली की डाळीतल्या प्रथिनांमुळे असर कमी होऊ शकतो हेही तिथेच कळलं, मग डॉक्टरांना विचारून जेवणाआधी अर्धा तास केली.

कधीकधी शुभंकरांना वेगळं बसवायचे. एकदा मी सांगून टाकलं की रात्री तिसऱ्यांदा कूस बदलायला उठवलं तेव्हा मी ह्यांचा हात झिडकारला. वाटलं आता सगळे समजावणार. एक बाई म्हणाली, "मी उशी फेकून मारली होती." सगळ्या हसल्या, मग तीच रडायला लागली.

पुढे गिळायला त्रास व्हायला लागला, न्यूमोनिया झाला, आणि हे गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण "सुटले बिचारे" म्हणायचा, एकीने तर "तू पण मोकळी झालीस". मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जायचे.

तीन आठवड्यांनी गटाची मीटिंग होती. जावं की नाही कळेना, कारण आता मी कोणाची शुभंकर? तरी गेले. दारातल्या वहीत नाव लिहिलं, पुढे शुभार्थी की शुभंकर असा रकाना असतो तो तसाच सोडला. चार वाजता दरवेळेसारखे सात-आठ फोन एकदम वाजले, गोळीची वेळ, आणि त्यात माझाही. बंद करायचा राहूनच गेला होता. शेजारच्या ताईंनी सवयीने पाण्याची बाटली पुढे केली, मग त्यांच्या लक्षात आलं, पण बाटली काही मागे घेतली नाही. मी पाणी प्यायले.

पुढच्या महिन्यात वही उघडली तर माझ्या नावापुढच्या त्या रकान्यात कोणीतरी पेन्सिलने "चहा" लिहून ठेवलेलं. तेव्हापासून चहाचं माझ्याकडे आहे, पंचेचाळीस कप, त्यातले दहा बिनसाखरेचे, आणि हात थरथरणाऱ्यांना कप अर्धाच भरायचा.