राजाची झोप उडाली

राजाला झोप येईना, या एवढ्याशा गोष्टीवर ज्यू लोकांचा एक अख्खा सण उभा आहे.

सणाचं नाव पुरीम. ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येतो, म्हणजे साधारण आपल्या होळीच्या सुमाराला. २०२५ साली तर १४ मार्चला इकडे धुळवड आणि तिकडे पुरीम असा योग जुळून आला. अधिक महिना दोन्ही पंचांगांत आहे, पण तो धरण्याचं गणित वेगळं, म्हणून अधूनमधून चुकामूक होते. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी त्या गणिताची फिकीर केली नाही. ते पुरीमला सरळ ‘होळीचा सण’ म्हणत.

या दिवशी हिब्रू बायबलमधलं एस्तेरचं पुस्तक चर्मपत्राच्या गुंडाळीवरून मोठ्याने वाचतात. इराणच्या अहश्वेरोश राजाची ही गोष्ट. हिंदुस्थानापासून कूशपर्यंत (म्हणजे आजच्या सुदानकडच्या मुलखापर्यंत) त्याचे १२७ प्रांत, असं पहिल्याच वाक्यात सांगितलंय. राजा पानोपानी भेटतो. देव मात्र हिब्रू पाठात नावालाही नाही! धर्मग्रंथात बसलेलं पुस्तक आणि देवाचा पत्ता नाही, याचं मला पहिल्यापासून कुतूहल आहे.

हामान हा राजाचा प्रधान. मर्दखय नावाचा ज्यू आपल्यापुढे वाकत नाही म्हणून त्याने ठरवलं, सगळ्याच ज्यूंचा निकाल लावायचा. त्यासाठी त्याने चिठ्ठ्या टाकून मुहूर्त काढला. चिठ्ठ्या टाकल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, दिवस निघाला बाराव्या महिन्यातला. आयतेच अकरा महिने ज्यूंच्या हातात. ‘पूर’ म्हणजे चिठ्ठी; सणाला नाव मिळालं ते खलनायकाच्या या चिठ्ठ्यांचं.

मर्दखयाची चुलत बहीण एस्तेर तेव्हा राणी होती. आपण ज्यू आहोत हे तिने महालात कुणाला कळू दिलं नव्हतं. न बोलावता राजापुढे जायचं म्हणजे जिवाशी खेळ. मर्दखय तिला निरोप धाडतो की तू गप्प राहिलीस तर सुटका दुसरीकडून कुठून तरी होईलच. पण कोणास ठाऊक, तू याच वेळेसाठी राणी झाली असशील. दृष्टान्त झाला, देवाची आज्ञा झाली, असलं काही तो सांगत नाही. नुसतं ‘कोणास ठाऊक’. खात्री फक्त हामानाला होती, तारखेसकट.

आणि मग ती रात्र. झोप उडालेला राजा राज्याची बखर वाचून दाखवायला सांगतो. (झोपेसाठी सरकारी दप्तराइतकं गुणकारी दुसरं काय असणार? त्या रात्री नेमकं तेही लागू पडलं नाही.) त्यात निघतं, मर्दखयाने एकदा राजावरचा कट उघडकीला आणला होता. त्याला काय इनाम दिलं? काहीच नाही. तेवढ्यात हामान हजर, मर्दखयाला फाशी द्यायची परवानगी मागायला. राजाच आधी विचारतो, ज्याचा सन्मान करायचाय त्याच्यासाठी काय करावं? हामानाला वाटतं, आपल्याशिवाय दुसरं कोण असणार! राजवस्त्रं, राजाचा घोडा, नगरातून मिरवणूक, असा सगळा थाट तो सुचवतो. छान, राजा म्हणतो, आता जा आणि मर्दखयासाठी हे सगळं कर.

वाचनात हामानाचं नाव आलं की पोरंसोरं खुळखुळे फिरवतात, पाय आपटतात. एरवी गप्प बसायच्या जागी गोंगाट करणं हेच त्या दिवशीचं कर्तव्य. सोंगंही घेतात.

पुढचा भाग मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. हामान फासावर गेला, पण ज्यूंना मारण्याचा राजाच्या नावाने निघालेला हुकूम मागे घेता येत नव्हता, म्हणून ज्यूंना प्रतिकाराची मुभा देणारा दुसरा हुकूम निघाला. नवव्या अध्यायात ज्यूंनी मारलेल्या शत्रूंचा आकडा ७५,००० आहे. लुटीला कुणी हात लावला नाही, हे पुस्तक तीनदा बजावतं, तरीही.

दानाचा भाग मला जास्त आवडतो. निदान एकाला खाण्याचे दोन पदार्थ पाठवायचे, निदान दोन गरिबांना दान द्यायचं. हात पुढे करील त्याला द्यायचं, चौकशी करायची नाही. बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित मैमोनिडिस सांगतात की स्वतःच्या मेजवानीपेक्षा गरिबांवरचा खर्च वाढवा.

मेजवानीत पिण्याबद्दल तालमूद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ, म्हणतो, ‘हामानाचा धिक्कार’ आणि ‘मर्दखयाचा जयजयकार’ यांतला फरक कळेनासा होईपर्यंत प्यावं. सोळाव्या शतकातले पोलंडमधल्या क्राकोचे धर्मपंडित मोशे इस्सर्लेस यांनी यातून सोपी वाट काढली: नेहमीपेक्षा जरा जास्त घ्या आणि झोपून जा, झोपेत कुठला आलाय फरक! पण तालमूदमध्ये त्याच जागी एक गोष्टही आहे. रब्बा आणि रब्बी झेरा हे दोन धर्मगुरू एकत्र पुरीमच्या मेजवानीला बसले. चढली, आणि रब्बाने उठून झेरांचा गळाच कापला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन त्याने देवाची करुणा भाकली आणि झेरांना जिवंत केलं. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा आमंत्रण दिलं, ‘या, यंदाही पुरीम एकत्र करू.’ झेरा म्हणाले, ‘चमत्कार काही दर वेळी होत नाही.’