बोर्डावरची नावं

बालवाडीचा बोर्ड आज रंगवून झाला. पिवळ्यावर निळी अक्षरं, एका बाजूला होडी, होडीवर झेंडा. चांगला झालाय, खोटं कशाला बोलू. सरपंचांचं नाव आहे. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनचं आहे. पत्रे देणाऱ्या नाखव्याचं तर वडिलांच्या नावासकट आहे. खाली महिला मंडळ, 'शुभारंभ : नारळी पौर्णिमा', आणि अगदी कोपऱ्यात पेंटरचं नाव, मोबाईल नंबरसह.

माझं नाही.

लिहिलं की मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

आईला फोनवर सांगणार होते, पण ती म्हणाली असती, 'मग ये परत.' तिला निमित्तच हवं असतं. तो विषय आज नको.

नावाची हौस मला नाही, असं मी आजवर समजत होते. प्रत्येक बैठकीत मीच घसा कोरडा करून सांगितलं की ही माझी बालवाडी नाही, तुमची आहे, वस्तीची आहे. सांगून सांगून शेवटी त्यांना पटलं. आता पटलं म्हणून मी रडतेय. हे कळतं, तरी संध्याकाळपासून तो पिवळा बोर्ड डोळ्यांपुढून हलत नाही. पेंटरचासुद्धा नंबर आहे हो त्यावर!

बर्फाची ती जुनी खोली कुणी धुतली? भिंतीतला मासळीचा वास जावा म्हणून दोनदा चुना मारला, तो फेरीबोटीवरून आगरदांड्याहून कुणी आणला? पत्रे नाखव्याने दिले हे खरं. निसर्ग वादळात त्याच्याच गोडाऊनवरून उडालेले, वाकलेले ते पत्रे. ते ठोकून सरळ करताना सुताराच्या हाताखाली कोण होतं? जाऊ दे. यादी करायला बसले तर रात्र पुरायची नाही, आणि वाचून माझी मलाच लाज वाटेल.

मला खरं लागलं ते भाषण. तिसरी-चौथीतल्या मुली शाळेत यायला लागल्या, हे गुरुजींनी मला सांगितलं. आया अंधारात बंदरावर जायच्या, मग घरातलं धाकटं सांभाळायला मोठी बहीण घरी. कडेवर भाऊ आणि शाळेला दांडी, हे इथे इतकं नेहमीचं की कुणाच्या डोळ्यांवर यायचंच नाही. धाकटं बालवाडीत बसलं आणि मोठीचं दप्तर बाहेर निघालं. माझ्या मते आमचं सगळ्यात मोठं काम हेच, गाणी-गोष्टी त्यानंतर. हे मी सरपंचांना सांगितलं, त्यांनी उद्घाटनाच्या भाषणात ते आपलंच म्हणून सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

अंगणवाडी आहे ना, मग हे कशाला, असं तालुक्याला विचारतात. आहे. वरच्या आळीत आहे, चांगली चालते. पण ती घड्याळावर उघडते आणि इथला दिवस पाण्यावर चालतो. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तशा होड्या लागायच्या वेळा सरकतात, तशा आया घराबाहेर पडतात. म्हणून आमच्या दारावर वेळापत्रक नाही, तिथी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गर्दी, अष्टमीच्या आसपास भांगाला मुलं कमी. भांगाच्या पाण्याला ओढ नसते, डोलीच्या जाळ्यात फारसं काही येत नाही, आया घरीच असतात. ही कल्पना काकीची. मी आले होते वेळापत्रक घेऊन, लॅमिनेट केलेलं. सेविकाताई अजून माझ्याशी तुटक बोलतात. त्यांचंही बरोबर असेल. पुन्हा कधीतरी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला गेल्या, तेही समुद्रकाठचंच गाव. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी तिथे करून बघितलं. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर आसपास मिळेल त्यातून साधनं केली. पुढे १९५७ मध्ये सगळा पसारा कोसबाडच्या टेकडीवर गेला. आणि १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बाल विकास योजना आणली तेव्हा तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आज गावोगावच्या अंगणवाड्यांवर पाट्या आहेत. त्यावर योजनेचं नाव असतं, प्रकल्पाचं असतं, केंद्राचा क्रमांक असतो. ताराबाईंचं मी तरी कुठे पाहिलं नाही.

म्हणजे मी आता स्वतःला ताराबाईंच्या रांगेत बसवलं. बरं आहे! खिचडीसाठी पातेलं उसनं आणते आणि तुलना पद्मभूषण बाईंशी.

हसू आलं तशी दुपारची गोष्ट आठवली. छत गळतंय. कोपऱ्यात, जिथे आम्ही जाळं तरंगतं ठेवणारे बोये आणि शिंपल्यांच्या टोपल्या ठेवतो तिथेच. मुलं बोये रचतात, शिंपल्या लहान-मोठ्या लावतात. जाळ्याचं शिसं तेवढं मी बाहेर काढलं, सगळं तोंडात जातं त्यांच्या. (चार वर्षांचं पोर मांदेली आणि बोंबील सुकलेले असले तरी ओळखतं, मी अजून चुकते आणि ती सगळी माझ्यावर हसतात.) तर टोपल्या भिजल्या म्हणून बायका चिडल्या आणि सरळ चेअरमनच्या दारात गेल्या. 'बोर्डाव नाव लावलाव ना, मग पत्रं बग!' चेअरमन बनियनवर बाहेर आले. नाखव्यालाही बोलावणं गेलं. पंधरा मिनिटं नुसता कालवा. मी शेजारच्या ओट्यावर उभी होते, माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

तेव्हा तेही लागलं होतं. आता लिहिताना वाटतंय, पंचायतीने लाईटबिल अडवलं, पत्रा उडाला, खिचडीत खडा निघाला, तर कुणाला धरायचं ते वस्तीला आता पाठ आहे. त्या यादीत मी नाही. हे वाईट आहे का, नक्की सांगता येत नाही. थोडं वाईट आहेच.

राहवलं नाही म्हणून जेवायच्या आधी काकीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती सुकटीतले खडे निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बोरड कोन वाचतंय, बाय?"

"मी वाचते," म्हटलं.

काकी इतकी हसली की सुकट सांडली. मग दोघी मिळून भरत बसलो. तिने चेअरमनचे वाभाडे काढले, पेंटरचे काढले, आणि जाता जाता माझ्या चुना मारण्याचेही.

चेअरमनचा निरोप आलाय, खाली थोडी जागा आहे, पेंटर उद्या येतोय, हवं तर घालून घ्या. पेंटरच्या नंबराखाली! उद्या मला पहिल्या फेरीबोटीने ताडपत्री आणायला जायचंय. पावती सोसायटीच्या नावाने घ्यायची, पैसे चेअरमनकडून आधी मागून घ्यायचे.