आक्रसलेलं दप्तर

पंधरा सेंटिमीटरची पट्टी ओव्हनमधून बाहेर आली ती सहा सेंटिमीटरची होऊन. तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. ती आपली शून्य ते पंधरा असंच म्हणत होती, मधल्या मिलिमीटरच्या बारीक रेघांसकट. भाचीने ती खऱ्या पट्टीशेजारी ठेवली, एक डोळा मिटून दोन्हींकडे पाहिलं आणि निकाल दिला, "मावशी, ही खोटं बोलते."

बोलतेच. श्रिंक प्लास्टिकच्या शीटवर काहीही काढा, कापा, भाजा; ते लहान होतं, जाड होतं, गोड दिसायला लागतं. पेन्सिल लहान केली तर लहान पेन्सिल होते. दप्तराचं लहान दप्तर होतं. पट्टीची मात्र लहान पट्टी होत नाही. तिचं पदच जातं. ती पट्टीच्या वेषातली कुणीतरी उरते.

मला त्या पट्टीची बाजू घ्यावीशी वाटली, म्हणून मी कोनमापक पुढे केला. तोही त्याच ट्रेमधला, दहा सेंटिमीटर रुंद होता तो आता चार सेंटिमीटरचा. वहीवर साठ अंशांचा कोन काढला आणि हा चिमुकला कोनमापक त्याच्यावर ठेवला. बरोबर साठ! कोनाला लांबीशी काही देणंघेणंच नसतं. रेघा हव्या तेवढ्या आखूड करा, दोघींमधली फट तेवढीच राहते. भट्टीतून निघूनही एक जण शब्दाला जागला होता, याचं मला इतकं कौतुक वाटलं की मी समरूप त्रिकोणांवर बोलायला सुरुवात केली. भाचीने माझं पहिलं वाक्य ऐकलं आणि म्हणाली, "याचं कानातलं कर ना."

झालं. भूमितीचं कानातलं झालं. भोक आधीच पाडलेलं होतं, कारण ते नेहमी आधीच पाडायचं असतं. भाजल्यावर प्लास्टिक कडक होतं आणि पंचला दाद देत नाही. नेहमीच्या पंचचं सहा मिलिमीटरचं भोक भाजून अडीचच्याही आत येतं, म्हणजे कडी घालायला नेमकं. हे भोकाचं गणित मला फार आवडतं. भोक म्हणजे तिथे काहीच नाही, आणि ते काहीच-नाहीसुद्धा इमानाने चाळीस टक्क्यांवर येतं.

मुळात हे प्लास्टिक आक्रसत नाही, ते परत जातं. पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचा पत्रा कारखान्यात गरम असताना उभा-आडवा ताणतात आणि तसाच ताणलेला थंड करतात. आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या मग प्रार्थनेच्या रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारख्या ताठ, हात खाली, तोंड बंद. शंभर अंश सेल्सिअसच्या वर गेलं की सुट्टीची घंटा. साधारण एकशे साठ अंशांवर ओव्हन ठेवला की दोनतीन मिनिटांत सगळ्या आपापल्या गुंडाळ्यात जाऊन बसतात. लांबी-रुंदी चाळीस टक्के, जाडी सहापट. वजन जेवढं होतं तेवढंच. यातलं काहीही कुठे गेलेलं नसतं, आणि इथेच मी दर वेळी अडकते.

कारण शाळेतल्या वस्तू लहान व्हायच्या त्या खर्च होऊन. आमच्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, तिला थोटक्या पेन्सिलीचा नाद होता. नव्या पेन्सिलीने तिला लिहिता यायचं नाही म्हणे. घरून नवी मिळाली की ती कुणाकडून तरी थोटकी बदलून घ्यायची, आणि देणाऱ्याला वाटायचं आपण तिला फसवलं. मग ती त्या थोटकीला टोक काढायची. शार्पनरमध्ये धरायला जागाच उरलेली नसायची, तरी दोन नखांत धरून फिरवायची. सालीचा एक अखंड पंखा बाहेर यायचा, काठाला लाल रंगाची रेघ असलेला. तो ती वहीच्या मधल्या पानात ठेवायची आणि तो तिथे चुरा व्हायचा. पेन्सिल पुढे इतकी लहान व्हायची की लिहिताना ती दिसायचीच नाही. तीन बोटं एकमेकांना टेकलेली आणि कागदावर अक्षरं उमटताहेत. बाईंनी एकदा विचारलं, "कशाने लिहितेस गं?" तिने बोटं उघडून दाखवली. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेल्या. त्या दिवसापासून वर्गात कुणाची थोटकी सगळ्यात लहान याच्या पैजा सुरू झाल्या. पेनाच्या रिकाम्या टोपणात खोचून लांबी वाढवणारे लोक आमच्या लेखी बाद होते.

खोडरबरचंही तेच. आधी कोपरे जायचे, मग नाव जायचं, मग तो गोटी व्हायचा, मग हरवायचा. संपलेला खोडरबर मी आजवर पाहिलेला नाही, तो नेहमी हरवलेलाच असतो. खडू तर डोळ्यांदेखत जायचा. इंचभर उरलेली पेन्सिल म्हणजे बाकीची सगळी पेन्सिल बेरजा-वजाबाक्यांत गेलेली असायची. आणि माझ्या तळहातावरची ही प्लास्टिकची पेन्सिल इंचभर आहे, पण ती अख्खी आहे! तिने एक ओळ लिहिलेली नाही. हे मला कौतुकाचं वाटतं की किंचित लबाडीचं, ते अजून ठरत नाही.

लबाडी म्हणायला आणखी एक कारण आहे. माझा हात थरथरीत. मोठ्या शीटवर मी काढलेली रेघ म्हणजे भूकंपमापकाचा कागद. भाजल्यावर ती छापल्यासारखी सरळ दिसते, कारण रेघेबरोबर तिचा थरकापही लहान होतो. अक्षरांचंही तसंच. वहीच्या मुखपृष्ठावरचं ‘नाव, इयत्ता, तुकडी, विषय’ मी अगदी गचाळ लिहिलं होतं. आता ते कुणा सुलेखनकाराने भिंगातून काढलंय असं वाटतं. अख्ख्या शालेय आयुष्यात ‘अक्षर सुधारा’ हा लाल शेरा ज्यांनी मिळवला त्यांना ओव्हनचा हा उपाय वेळेवर कुणी सांगायला हवा होता.

रंगांत मात्र लबाडी चालत नाही. जेवढा रंग हातभर पसरला तेवढाच सगळा बोटभर जागेत गोळा होतो, म्हणून फिकट दिलेला गडद येतो आणि गडद दिलेला काळा. पेन्सिलीचा पिवळा द्यायचा तर आजारी वाटावा इतका पुसट द्यावा लागतो. रंगीत पेन्सिली गुळगुळीत शीटवर धरत नाहीत, आधी बारीक पॉलिश पेपर फिरवावा लागतो, उभा आणि आडवा दोन्ही. टोकदार कोपरे कापतानाच गोल करायचे, नाहीतर भाजल्यावर ते खरोखर टोचतात. आणि लांब, अरुंद वस्तूंवर जरा नजर ठेवायची. भाजताना सगळंच आधी वळतं, उठून बसतं, कण्हल्यासारखं करतं आणि मग आपोआप सपाट होतं. पण लांब पेन्सिल वळताना स्वतःलाच चिकटू शकते. म्हणून वर बेकिंग पेपर टाकायचा, आणि बाहेर काढल्याबरोबर, गरम आहे तोवर, एखाद्या जाड पुस्तकाने दाबायचं. मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही. पॉलिस्टायरिन त्या लहरी फारशा शोषतच नाही, नुसतं गोल गोल फिरत राहतं.

आता माझी एक खोड सांगते. शाळेच्या वस्तूंचे जे तयार नमुने मिळतात त्यांत प्रत्येक वस्तूला चेहरा असतो. पेन्सिल हसते, वही हसते, डिंकाची बाटली लाजते आणि तिचे गाल गुलाबी असतात. मला हे खपत नाही. खोडरबरला हसायला काय झालं? त्याचं काम बघा, त्याचं भविष्य बघा. कात्रीने डोळे मिचकावलेले तर मला भीतीच वाटते. आणि कर्कटक! दोन अणकुचीदार पाय असलेलं ते कर्कटक, जे कशासाठी आहे हे शाळा संपेपर्यंत आम्हाला कळलं नाही आणि ज्याने फक्त बाकावर नावं कोरली गेली, त्याला एका नमुन्यात चक्क बो लावला होता. मी माझ्या वस्तू बिनचेहऱ्याच्या काढते. भाची त्यांना नंतर डोळे काढते. भाजल्यानंतर मार्करने काढलेले डोळे स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतात हे मला माहीत आहे, तिला नाही.

या खेळाची सुरुवातही पोरांना गुंतवून ठेवण्यातूनच झाली. १९७३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफिल्ड गावात बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोघींनी कब स्काउटच्या मुलांसाठी एक उपक्रम म्हणून हे प्लास्टिक हाती घेतलं. मुलं इतकी खूश झाली की दोघींनी त्याचा धंदाच केला आणि त्याला नाव दिलं श्रिंकी डिंक्स. प्लास्टिक आधीपासून होतंच. त्याच्याकडे खेळणं म्हणून बघायचं राहिलं होतं.

आणि मग मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मिशेल खाइन या संशोधक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड इथल्या नव्याकोऱ्या शाखेत रुजू झाल्या. त्यांना केसाएवढ्या बारीक नळ्यांतून द्रव खेळवणाऱ्या चिप्स करायच्या होत्या आणि त्यासाठी लागणारी महागडी यंत्रसामग्री तिथे नव्हती. त्यांना लहानपणचं हे खेळणं आठवलं. लेझर प्रिंटरने शीटवर नळ्यांचा आराखडा छापला आणि शीट छोट्या ओव्हनमध्ये घातली. शीट आक्रसली तशी शाईची रेघ अरुंद होत होत उंच झाली, तिचा बांध तयार झाला, आणि त्या बांधावरून साचा निघाला. २००८ साली हे शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झालं, शीर्षकात श्रिंकी डिंकचं नाव घेऊन. गडद होणाऱ्या रंगावर मी चिडत बसले असते. त्यांनी त्या रंगाची उंची मोजली. काही लोकांचं लहानपण कामाला येतं. माझं अजून थोटक्या पेन्सिलींत आहे.

नव्या पाकिटातली शीट वापरून मी गुण्या केला तेव्हा भूमितीवरचा माझा तो विश्वासही जरा डळमळला. पंचेचाळीस अंशांचा गुण्या, दोन बाजू सारख्या. बाहेर आला तर एक बाजू दुसरीपेक्षा लांब. शीट दोन्ही दिशांना सारखीच ताणलेली असते असं नाही, त्यामुळे ती परत जातानाही कमीजास्त जाते. एका बाजूने चाळीस टक्के आणि दुसरीने चव्वेचाळीस, एवढ्याने पंचेचाळीसचे बेचाळीस होतात. काटकोन तेवढा टिकतो, तोही शीटच्या कडांना समांतर ठेवला असेल तरच. जाणकार म्हणूनच नव्या शीटचा एक चौकोनी तुकडा आधी भाजून मोजतात आणि उरलेल्या शीटवर जास्त आक्रसणाऱ्या दिशेचा बाण करून ठेवतात. म्हणजे सगळ्यांत सच्चा निघालेला तो कोनमापकही केवळ चांगल्या पाकिटातला होता म्हणून सच्चा. कानातल्यापैकी दुसरा या पाकिटातून केला तर दोन कानांत दोन भूमिती होतील.

भाचीच्या मागण्या वाढत चालल्यात. तिला आता खरं बोलणारी पट्टी हवी आहे. ती करता येते. एक सेंटिमीटर म्हणून अडीच सेंटिमीटर काढायचा. दहा सेंटिमीटरच्या खऱ्या पट्टीसाठी पंचवीस सेंटिमीटरची खोटी पट्टी आखायला लागेल, तेवढं शीटवर मावतं. शिवाय फळा हवा, खडू हवेत, ओळखपत्र हवं, आणि एक डस्टर.

डस्टर मी करणार नाही. आमच्या एका सरांचा नेम चांगला होता आणि डस्टरची मागची बाजू लाकडी होती. वर्गातलं सगळं मी मुठीत मावेल इतकं लहान करायला तयार आहे, पण ते लाकूड माझ्या आठवणीत आहे त्याच मापाचं राहू दे. तेवढ्या जागेत शार्पनर बसेल.