भाड्याचा वाडा, जुन्या खिडक्या आणि भिंतीला हात न लावता लावलेले पडदे

पुण्याच्या पेठांमध्ये जे वाडे अजून उभे आहेत, त्यांतले फार थोडे आज मूळ रूपात वापरात आहेत. एका कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्यांत आधी बिऱ्हाडे आली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि दुरुस्ती करण्याची मालकांची उमेद व ऐपत दोन्ही ओसरत गेली. अलीकडे ज्या वारसांनी वाडा बिल्डरला न देता राखायचे ठरवले, त्यांच्यापैकी काहींनी माडीवरच्या मोठ्या दालनांमध्ये आडोसे घालून, प्रत्येक भागाला स्वतंत्र न्हाणीघर आणि ओटा देऊन, अकरा महिन्यांच्या करारावर देता येतील अशी छोटी घरे तयार केली आहेत. मी अशाच एका घरात भाड्याने राहते. अशा घरात राहायला येणारे अनेक जण खिडक्यांच्या पडद्यांपाशी अडतात, कारण नव्या फ्लॅटमधल्या सवयी इथे चालत नाहीत, आणि मालकाच्या भिंतीला भोके पाडणे करारातही बसत नाही आणि मनालाही पटत नाही.

भिंतीचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. पुण्यातल्या वाड्यांचा तळमजला बहुधा दगडी असतो; वरच्या मजल्यावर लाकडी सांगाडा उभारून त्यात भाजलेल्या विटा मातीत किंवा चुन्यात रचलेल्या असतात आणि वरून चुन्याचा गिलावा केलेला असतो. काँक्रीटमध्ये ड्रिलने सरळ भोक पडते आणि प्लॅस्टिकची खुंटी त्यात घट्ट बसते. इथे मात्र ड्रिलच्या धक्क्याने गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा सुटून येतो, मागची माती भुरभुरत राहते आणि खुंटी आठवडाभरात सैल पडते. ते भोक सिमेंटने बुजवले तर आणखी नुकसान होते, कारण चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटच्या ठिगळाभोवती ती ओल कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथला रंग फुगून येतो. त्यामुळे भाडेकरू असो वा मालक, अशा घरात पडद्याचा भार भिंतीवर टाकूच नये, असे माझे ठाम मत आहे. खिडकीची चौकट, तिच्या झडपा आणि तिचे गज या तीन गोष्टी तो भार सहज पेलतात, आणि त्या आपल्याला आयत्या मिळालेल्या असतात.

या खिडक्या मुळात वेगळ्या राहणीसाठी केलेल्या होत्या. माणसे बैठकीवर बसत असत, म्हणून खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून हात-दीड हातावरच असतो; आता त्याच खिडकीशी पलंग येतो आणि झोपलेला माणूस समोरच्या सज्ज्यातून सरळ दिसतो. जी खिडकी चौकात उघडते, तिच्यासमोरून घरातलीच माणसे जात-येत असत, त्यामुळे पूर्वी आडोशाची गरज नव्हती; आज त्याच चौकात इतर भाडेकरूंच्या सायकली, नळ आणि टपालपेट्या आहेत. रूपांतर करताना घातलेला प्लायवुडचा आडोसा पुष्कळदा खिडकीला अगदी चिकटून येतो, आणि मग नेहमीचा लांब रॉड लावायला त्या बाजूला चार बोटेही जागा उरत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी निदान एक पूर्ण दिवस खिडकीकडे लक्ष ठेवावे: ऊन किती वाजता कुठे पडते, रात्री दिवा लावल्यावर बाहेरून काय दिसते, आणि वारा कोणत्या झडपेतून येतो.

मापे घेताना चौकट काटकोनात आहे असे गृहीत धरू नये. शंभर वर्षांत लाकूड फिरते आणि भिंत बसते. वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी रुंदी मोजली, तर अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. जाड भिंतीतल्या खिडकीच्या बगला अनेकदा आतल्या बाजूला उमलत्या, म्हणजे तिरक्या असतात, जेणेकरून उजेड खोलीत पसरावा. दोन भिंतींच्या मध्ये दाबून बसवायचा स्प्रिंगचा रॉड, जो भाडेकरूंना सर्रास सुचवला जातो, अशा तिरक्या बगलांवर टिकत नाही. तो हळूहळू खोलीच्या बाजूला घसरतो आणि एखाद्या रात्री पडद्यासकट खाली येतो. शिवाय त्याच्या टोकांचा दाब चुन्याच्या गिलाव्यावर वळ उमटवतो. हा रॉड भिंतींमध्ये न बसवता लाकडी चौकटीच्या दोन उभ्या बाजूंमध्ये बसवावा, कारण त्या भिंतीच्या बगलांसारख्या खोलीकडे उमलत्या नसतात आणि लाकूड दाब सहन करते. टोकांना रबराच्या टोप्या नसतील तर जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या कापून लावाव्यात. रुंदी चार फुटांच्या पुढे गेली की असा रॉड मध्ये वाकतो, पण वाड्यातल्या खिडक्या सहसा तेवढ्या रुंद नसतात.

चौकटीत बसवलेल्या रॉडची खरी अडचण झडपांची आहे. गज बाहेरच्या अंगाला असल्यामुळे झडपा आत उघडतात, आणि समोर रॉड असला की त्या अर्ध्यावरच अडतात. यावरचा उपाय आपल्या घरांत पूर्वीपासून चालत आलेला आहे, आणि तो मागे पडला याचे मला वाईट वाटते. प्लॅस्टिकचे आवरण असलेली पडद्याची स्प्रिंग, तिच्या दोन्ही टोकांना फिरवून बसवायच्या कड्या आणि लाकडात पिळायचे दोन बारीक आकडे, एवढेच साहित्य त्याला लागते. पडदा चौकटीला न लावता प्रत्येक झडपेलाच लावायचा, वर एक स्प्रिंग आणि खाली एक, म्हणजे झडप उघडताना पडदाही तिच्याबरोबर फिरतो आणि वाऱ्याने फडफडत नाही. स्प्रिंग लागणाऱ्या लांबीपेक्षा दोन-तीन इंच आखूड कापावी. ताण नसला तर ती मध्ये झोळ खाते. खिडकीला खालच्या आणि वरच्या अशा चार झडपा असतील, तर फक्त खालच्या दोन झाकाव्यात आणि वरच्या मोकळ्या सोडाव्यात. नजर अडते आणि आकाश दिसत राहते.

आकडे पिळण्याआधी झडपेची आतली बाजू बोट फिरवून तपासावी. जुन्या सागवानी लाकडात मागच्या कुणीतरी पाडलेली भोके रंगाखाली दडलेली असतात, आणि अनेकदा ती नेमकी हव्या त्या उंचीवर सापडतात, कारण त्यांनाही तिथेच पडदा लावायचा होता. माझ्याकडे काम करायला आलेल्या सुतारकाकांनी आकडा हातात घेण्याआधी टोच्याने रंग खरवडला आणि म्हणाले, “ताई, नवं भोक कशाला? हे बघा, इथं आधीचंच आहे.” त्या भोकात आकडा थोडा सैल बसत होता, म्हणून त्यांनी काडेपेटीच्या काडीचा तुकडा फेविकॉलमध्ये बुडवून आत सारला आणि मग आकडा पिळला. तो आजही हललेला नाही. नवे भोक पाडण्यावाचून इलाज नसेल तर आधी मालकांना विचारावे आणि बारीक बिटने वाट करून घ्यावी, कारण वाळलेला साग थेट पिळले असता तंतूंच्या दिशेने चिरतो. घर सोडताना सागाचा भुसा आणि फेविकॉल कालवून केलेला लगदा त्या भोकात भरला, तर ते शोधूनही सापडत नाही.

गजांचाही उपयोग होतो. जुन्या खिडकीत उभे गज लोखंडाच्या एका आडव्या पट्टीतून ओवलेले असतात. त्या पट्टीवर एस आकाराचे आकडे अडकवून त्यांत बांबूची हलकी काठी ठेवली की अर्ध्या पडद्याची सोय होते, आणि त्यासाठी काहीही ठोकावे लागत नाही. रूपांतर करताना जुनी खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली असेल, तर तिला चुंबक चिकटत नाही. पण तिच्या बाहेर किंवा आत लोखंडी ग्रिल असते आणि तिच्या चपट्या पट्ट्यांवर चुंबकाचे आकडे चांगले धरतात. चिकटपट्टीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात सांगते: काच, फरशी आणि ऑइलपेंट दिलेले लाकूड यांवर ते टिकतात, चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाहीत आणि निघताना रंगाचा थर घेऊन येतात. मच्छरदाणीची वेल्क्रोची जाळीदेखील याच कारणाने चौकटीच्या लाकडावरच लावावी. तिचा चिकट डाग पुढे निलगिरीच्या तेलाने निघतो.

काचेवर थेट लावायच्या आडोशाविषयी मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण चौकाकडच्या खिडकीला मी तोच उपाय केला आणि तो मला सर्वांत आवडला. बाजारात बिनगोंदाची दुधी फिल्म मिळते; ती साबणाच्या पाण्याने काचेवर बसते आणि सोलून काढता येते, मात्र काच गुळगुळीत असावी लागते. गडद, उन्हाची फिल्म जुन्या काचेवर लावू नये, कारण तापलेली काच कडांशी तडकू शकते. त्यापेक्षा मला मलमल आणि खळ अधिक जवळची वाटते. दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा, मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा, आणि चमच्यावरून दाट दुधासारखी धार पडू लागली की उतरवायचा. निवलेली खळ स्वच्छ काचेवर रुंद ब्रशने लावायची, काचेच्या मापापेक्षा बोटभर मोठी कापलेली मलमल वरून खाली दाबत बसवायची, वरून खळीचा आणखी एक पातळ हात द्यायचा आणि वाळल्यावर कडा ब्लेडने छाटायच्या. आधी कापड राखट, ओलसर दिसते. वाळत जाताना ते पांढरे होते आणि काच दुधाळ वाटू लागते. दिवसा उजेड पसरून येतो आणि बाहेरून माणसाची फक्त सावली कळते. काढायचे असेल तेव्हा कोमट पाण्याने भिजवून एका कोपऱ्यापासून ओढले की कापड अखंड निघते. पावसाची झड थेट येणाऱ्या खिडकीवर हा उपाय करू नये, कारण ओलसर खळीला बुरशी धरते आणि कसर लागते. पुस्तकबांधणीचे कारागीर खळीत मोरचूद घालतात, परंतु ते विषारी असल्यामुळे राहत्या घराच्या खिडकीला मी ते सुचवणार नाही.

पश्चिमेच्या खिडकीचा प्रश्न नजरेपेक्षा उन्हाचा असतो. पडदा आत लावला की ऊन काचेतून आत येऊन मग अडते, आणि तोवर खोली तापलेली असते. तेच ऊन बाहेर अडवले तर फरक लगेच जाणवतो. यासाठी बांबूची चिक उत्तम. बुरूड आळीत ती मापाने करून मिळते, आणि ती गजांच्या वरच्या टोकांना सुतळीने बांधता येते. तिची दोरी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी लोंबती ठेवू नये. गुंडाळून उंचावरच्या खुंटीला अडकवावी, कारण गळ्याला फास बसण्याचा धोका खरोखर असतो. वाळ्याचा पडदा पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत सुखद गारवा देतो, कारण पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत तसा अनुभव येत नाही. वाड्यात मात्र त्याचे पाणी खिडकीच्या लाकडी पाटावर ठिबकत राहिले तर लाकूड कुजते, म्हणून खाली पन्हळीसारखी उथळ पत्र्याची ताटली ठेवावी.

कापड निवडताना मी दाखवण्यापेक्षा वजनाचा विचार करते. स्प्रिंगला आणि बांबूच्या काठीला जाड जॅकर्ड किंवा रबरी अस्तराचे कापड पेलत नाही. दिवसासाठी मलमल किंवा जुन्या सुती साडीचे कापड, आणि झोपण्याच्या खोलीत त्यामागे गडद रंगात रंगवलेले मांजरपाट एवढे पुरते. रविवार पेठेतल्या कापडाच्या दुकानांत दोन्ही सहज मिळतात आणि आकडे, कड्या, स्प्रिंग जवळच्याच बोहरी आळीत. खिडकीच्या रुंदीच्या दीड ते दुप्पट कापड घ्यावे, नाहीतर पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. कोरे मांजरपाट धुतल्यावर आटते, म्हणून शिवण्याआधी रात्रभर भिजवून वाळवावे. ओट्याजवळच्या आणि देवघराजवळच्या खिडकीला लोंबता पडदा लावूच नये. वाड्याच्या तुळया, तक्तपोशी आणि जिना सगळे लाकडाचे असते. समईच्या ज्योतीशी सिंथेटिक कापड येऊ देणे म्हणजे शेजारच्या चार घरांशीही खेळ करणे आहे. तिथे काचेवरची मलमल किंवा नुसत्या बंद झडपा बऱ्या.

मालकांशी बोलणे पहिल्याच आठवड्यात करावे. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि त्यात कायमस्वरूपी बदल करू नयेत असे कलम बहुतेक वेळा असते. पण आकडे, रॉड आणि जाळी यांबद्दल त्यात काही म्हटलेले नसते. मी प्रत्येक खिडकीची छायाचित्रे काढून मालकीणबाईंना पाठवली आणि कुठे काय लावणार ते दोन ओळींत लिहिले. त्यांचे उत्तर आले, “भिंत सोडून काहीही करा, आणि जुने पितळी कडे मात्र काढू नका.” अनामत परत घेताना हा लेखी संवाद उपयोगी पडतो. शिवाय वाडा राखण्यासाठी ज्यांनी पदरमोड केली आहे, त्यांना भाडेकरूही तो जपतो आहे हे कळणे मला महत्त्वाचे वाटते.

पडदे शिवायला टाकताना शिंप्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी. खालची दुमड नेहमीच्या दोन इंचांऐवजी सहा इंचांची ठेवावी आणि ती हातशिलाईने घालावी. अशी दुमड उसवली की कापडावर मशीनच्या टाक्यांचे छिद्र राहत नाही, आणि पुढच्या घरातली खिडकी उंच निघाली तरी तोच पडदा तिला पुरतो. वरची स्प्रिंग घालायची नळीदेखील सव्वा इंचाची ठेवावी, म्हणजे तिथे स्प्रिंगऐवजी रॉड घालायची वेळ आली तर तोही त्यातून जाईल.