ठाण्याच्या रद्दीत जुनी मुंबई

मुंबईचे जुने पर्यटक-नकाशे हवे असले की लोक फोर्टातल्या फुटपाथचा रस्ता धरतात. तिथल्या विक्रेत्यांना भाव पक्के ठाऊक असतात. मी आधी ठाण्यातल्या रद्दीवाल्यांकडे जातो. गिरगाव-दादर सोडून इकडे आलेल्या कुटुंबांनी सामानाबरोबर कागदही आणले. आता नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात आणि घरोघरचे माळे रिकामे होताहेत.

यंदा दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी निघालो. घरं झाडायला काढलेली असतात, त्यामुळे हा मोसम उत्तम. पावसाळ्यात जाऊ नका. ओलसर गठ्ठ्यातला घडीचा नकाशा उलगडतानाच घडीवर फाटतो. गोखले रोडच्या आतल्या गल्ल्यांत शाळेच्या गाईडांखेरीज काही नव्हतं. जांभळी नाक्याच्या बाजूला मात्र सुतळीने बांधलेल्या लग्नपत्रिका आणि पंचांगांच्या गठ्ठ्यात मुंबईचा एक नकाशा निघाला. साल छापलेलं नव्हतं. बहुतेकांवर नसतंच.

अशा वेळी आधी किंमत बघा. आण्यांत असेल तर साधारण १९५७ पूर्वीचा, ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ मधला. मला मिळालेल्या नकाशावर नये पैसे होते. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं नाव असेल तर मजकूर १९५१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी तिची मध्य रेल्वे झाली. जाहिरातीतल्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड दिसला तर नकाशा १९७२ नंतरचा. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, पण ट्रामच्या रेषा दिसल्या म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. प्रकाशक जुनाच नकाशा वर्षानुवर्षं पुन्हा छापत. म्हणून नकाशावरची सर्वांत नवी गोष्ट शोधायची. नकाशा तिच्या आधीचा असू शकत नाही.

आणि आमचं ठाणं? त्यावर खुणांच्या सूचीची चौकट बसवलेली! १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून जिथे आली, ते गाव पर्यटकाला दाखवायची गरज कोणाला वाटली नाही. आता मी मुद्दाम हाच कोपरा आधी बघतो. तिथे सूची आहे, जाहिरात आहे की खरंच खाडी काढलीय, यावरून नकाशा करणाऱ्याची मुंबई कुठे संपत होती ते कळतं.

दुपारी ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी. तिथली रद्दी वयाने लहान, कारण शहरच सिडको या सरकारी कंपनीने वसवलेलं, म्हणजे १९७० नंतरचं. जुनं काही मिळेल या आशेने जाऊ नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातले नकाशे मिळतात आणि त्यांची गंमत वेगळी. मुंबईहून वाशीला जाणारा खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा, तो आहे का बघा. वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. या दोहोंच्या मधला एक नकाशा मिळाला: पूल आहे, रूळ नाहीत, आणि पुलापलीकडे जवळजवळ कोरा कागद.

भावाचं म्हणाल तर नकाशा एकटा हातात धरून विचारू नका. रद्दी किलोने जाते, पण तुमचा चेहरा खुलला की तोच कागद ‘अँटिक’ होतो. दोन-चार जुनी मासिकं घ्या आणि त्यांच्यात ठेवून वजन करायला सांगा. फ्रेममधला चकचकीत नकाशा दिसला तर भिंगातून बारीक अक्षरं बघा. अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली असतील, तर ती बहुधा अलीकडची प्रत.

घरी आणल्यावर चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. पट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. फाटलेल्या घडीला मागून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावा. नकाशा उलगडलेलाच, सपाट ठेवा. आर्किटेक्टची मोठी ड्रॉइंग स्कॅन करून देणारी दुकानं ठाण्यात आहेत. त्यांना आधीच सांगा, की कागद रोलरमधून ओढायचा नाही, वरून फोटो काढायचा. नाही जमत म्हणाले, तर दुसरं दुकान बघा.