गोळी उष्ण पडते, की डोस?

थायरॉईडची गोळी उष्ण पडते का, आणि रिपोर्ट नॉर्मल असूनही केस का गळतात, थकवा का जात नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि स्वतःही थायरॉईडची गोळी घेते. त्यामुळे यातला पहिला प्रश्न मला रक्त घेताना येतो, रिपोर्ट देताना येतो आणि नातेवाइकांच्या फोनवरही येतो. "ताई, ही गोळी उष्ण पडते का हो? छातीत धडधडतं, घाम फुटतो, रात्री टक्क जाग असते. काही दिवस बंद केली तर?"

बंद करू नका, हे आधी सांगते. बाकीचं सावकाश बोलू.

गोळीत असतं लेव्होथायरॉक्सीन. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जे टी-फोर (म्हणजेच थायरॉक्सीन) नावाचं हॉर्मोन बनवते, रासायनिकदृष्ट्या नेमकं तेच. गोळीचा रंग आणि भुकटी बांधून ठेवणारे पदार्थ सोडले, तर शरीराला परकं असं त्यात काही नाही. 1891 मध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून पहिल्यांदा असा उपचार केला, तेव्हा त्या अर्कात हॉर्मोन नेमकं किती, हे सांगायची सोय नव्हती. 1914 मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सीन शुद्ध रूपात वेगळं काढलं, पुढे ते प्रयोगशाळेत बनवता आलं, आणि आज आपण ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून घेतो. पंचवीसची, पन्नासची, शंभरची असं आपण म्हणतो ना, ते हे मायक्रोग्रॅम.

म्हणून "साइड इफेक्ट" हा शब्द या गोळीला नीटसा लागू पडत नाही, असं मला वाटतं. पाकिटातल्या कागदावरची यादी वाचा: धडधड, हात थरथरणं, घाम, जुलाब, चिडचिड, झोप उडणं, वजन उतरणं. ज्यांची ग्रंथी जास्त काम करते, गोळीशी ज्यांचा संबंधच नाही, त्यांच्या तक्रारीही याच. एखाद्याला गोळीतल्या रंगाची वगैरे ॲलर्जी असू शकते, पण ते क्वचित. एरवी गोळी सोसत नाही असं कुणी म्हणालं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, डोस जास्त होतोय का? आणि तो प्रश्न रिपोर्टला विचारता येतो, फक्त रिपोर्ट वाचायची रीत माहीत हवी.

रिपोर्टवर मुख्य आकडा असतो टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हॉर्मोनचा. ते थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन नाही, इथूनच गोंधळ सुरू होतो. ते मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी सोडते. ती थायरॉईडला हाक मारते म्हणा. थायरॉईड सुस्तावलं की हाक चढत जाते आणि टीएसएच वाढतं. रक्तात हॉर्मोन भरपूर असेल, मग ते ग्रंथीचं असो की गोळीचं, तर हाक मारायची गरजच उरत नाही आणि टीएसएच खाली जातं. म्हणून आकडा वर म्हणजे हॉर्मोन कमी, आकडा खाली म्हणजे हॉर्मोन जास्त. "माझं थायरॉईड वाढलंय" असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचं टीएसएच वाढलेलं असतं, म्हणजे थायरॉईड कमी पडत असतं.

आणि ही हाक भलती हळवी आहे. टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभर पटींच्या घरात जाऊ शकतं. त्यामुळे मागच्या वेळी 2.1 होतं आणि आता 3.4 झालं म्हणून हवालदिल होऊन येणाऱ्यांना मी खुर्ची देते. तेवढा फरक निरोगी माणसातही एका दिवसात पडतो. टीएसएच रात्री चढतं, दुपारी उतरतं. सर्वसाधारण मर्यादा 0.4 ते 4 किंवा साडेचारच्या आसपास असते, पण ती लॅबप्रमाणे आणि पद्धतीप्रमाणे थोडी बदलते. तेव्हा दरवेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये आणि एकाच वेळेला रक्त द्यावं. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. आधी घेतली तर पुढचे काही तास फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी-फोर, उगाच चढलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट घाईची. टी-फोर रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. डोस बदलला की नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टीएसएच त्याच्याही मागून रखडत येतं. दहाव्या दिवशी टेस्ट करून "गोळीचा काही उपयोग नाही" म्हणणारे दर आठवड्याला भेटतात. सहा ते आठ आठवडे थांबल्याशिवाय तो आकडा नव्या डोसबद्दल काही सांगत नाही, त्यात जुन्या डोसचीच छाया असते.

आता एक रिपोर्ट सांगते, कारण तो माझ्या डोळ्यांसमोरून गेला आहे. एक काकू, कित्येक वर्षं एकाच डोसवर सुखात. या वेळी टीएसएच 0.05 आणि फ्री टी-फोर मर्यादेच्या बरंच वर. दोन्हीपुढे ठळक खूण. कागद बघून कुणीही म्हणेल की डोस फार झालाय, कमी करा. पण समोर बसलेल्या काकू शांत, नाडी संथ, हात स्थिर, वजन तेवढंच. मी विचारलं, नवीन काही सुरू केलंय? म्हणाल्या, औषध काही नाही, केसांसाठी ती बायोटिनची गोळी तेवढी.

बायोटिन हे एक ब जीवनसत्त्व. शरीरातल्या थायरॉईडला ते काही करत नाही, गंमत करतं ती आमच्या मशीनमध्ये. पुष्कळ मशीनमध्ये तपासणीचे रेणू पकडून ठेवायला बायोटिनचाच चिकटा वापरलेला असतो. रक्तातच बायोटिन भरपूर आलं की पकडायच्या जागा तेच अडवतं. टीएसएचची पद्धत अशी की त्यामुळे आकडा खोटा कमी येतो, फ्री टी-फोरची पद्धत उलटी, तिथे खोटा जास्त. दोन्ही चुका एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून रिपोर्ट अगदी पटण्यासारखा दिसतो. आमच्या पॅथॉलॉजिस्टनी काकूंच्या डॉक्टरांना फोन केला, बायोटिन काही दिवस थांबवून पुन्हा रक्त घेतलं, आणि टीएसएच पहिल्यासारखं जागेवर. केसांच्या गोळीला कुणी औषध म्हणत नाही, म्हणून सांगत नाही. ती निदान दोन दिवस आधी बंद हवी, डोस मोठा असेल तर आणखी आधी. किती, ते लॅबला विचारा.

खरोखरच डोस जास्त होतो तेव्हा त्यामागे बहुधा एक साखळी असते. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीची काही औषधं, आणि कॉफीसुद्धा, थायरॉईडची गोळी आतड्यातून पुरती रक्तात जाऊ देत नाहीत. पुष्कळ जण सकाळच्या सगळ्या गोळ्या एकाच घोटात उरकतात. थायरॉक्सीन पोटात जातं पण पुरतं अंगी लागत नाही. टीएसएच चढतं, डॉक्टर डोस वाढवतात, तरी पुरत नाही, पुन्हा वाढवतात. मग कुणीतरी सांगतं की ही गोळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची आणि कॅल्शियम-लोह चार तास लांब ठेवायचं. माणूस शहाण्यासारखं तसं करायला लागतं, आणि तो वाढवलेला डोस पहिल्यांदाच पूर्ण रक्तात उतरतो. दीड महिन्यात धडधड, घाम, झोपेचं खोबरं. "गोळी उष्ण पडते" ती अशी. सवय सुधारली की लगेच डॉक्टरांना सांगा आणि पुन्हा तपासून घ्या. वजन बरंच उतरलं, वय वाढलं, किंवा वर्षानुवर्षं न तपासता तोच डोस चालू राहिला, तरी हेच होतं.

जास्त डोस नुसता त्रासदायक असता तर मी एवढं बोलले नसते. टीएसएच बराच काळ फार खाली राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो, विशेषतः उतारवयात. पाळी गेलेल्या बायकांची हाडंही झिजतात. वजन उतरावं म्हणून मनाने डोस वाढवणाऱ्यांशी मी भांडते ते याचसाठी. तरुण, निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅमच्या आसपास पूर्ण डोस लागतो. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला मात्र दिवसाला एकूण साडेबारा किंवा पंचवीस मायक्रोग्रॅमपासून हळूहळू चढवतात. गोळी सुरू झाल्यावर छातीत दुखलं तर पुढच्या टेस्टची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

टीएसएच खाली असणं नेहमीच चूक नसतं, तेही लक्षात असू द्या. थायरॉईडच्या कॅन्सरनंतर काही जणांचं ते मुद्दाम खाली ठेवतात. पियुषिकाच आजारी असेल तर हाकेवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे फ्री टी-फोर बघावं लागतं. गरोदरपणात मर्यादाही वेगळ्या आणि गोळीची गरजही वाढते, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना कळवायचं.

आणि ज्यांचं टीएसएच पाच-सहा आहे, टी-फोर नीट आहे, त्यांनी गोळीच्या नावाने घाबरण्याआधी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. कित्येकदा आकडा आपसूक खाली येतो. पासष्टीपुढच्या अशाच लोकांवर झालेला ट्रस्ट नावाचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गोळी घेऊन थकव्यात किंवा इतर लक्षणांत फरक पडला नव्हता. अँटी-टीपीओचा, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध बनवतं त्या प्रतिपिंडांचा, मोठा आकडा बघून झोप उडवू नका. थायरॉईड का बिघडलं ते त्यावरून एकदा कळलं की तो दरवेळी मोजून हाती काही लागत नाही.

राहिला दुसरा प्रश्न, रिपोर्ट नॉर्मल आणि केस मात्र गळतायत. केसाला धक्का बसतो तेव्हा तो गळत नाही, दोन-तीन महिन्यांनी गळतो. आज कंगव्यात आलेले केस त्या वेळचे आहेत, जेव्हा टीएसएच चढलेलं होतं. काही महिने द्यावे लागतात. थकव्याचं मात्र सगळं खापर थायरॉईडवर फोडू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-ट्वेल्व्ह, झोप आणि मन, यांतलं काहीतरी बिनसलेलं असतं आणि आपण टीएसएच 3 वरून 2 वर आणायच्या नादात राहतो.

पुढच्या वेळी रक्त द्यायला याल तेव्हा गोळीच्या पाकिटाचा फोटो आणा, डोस शेवटचा कधी बदलला ती तारीख सांगा, आणि केसांची, हाडांची, ताकदीची म्हणून जे काही घेता ते सगळं सांगा. टेस्टच्या आधल्या आठवड्यात गोळ्या बुडाल्या असतील तर तेही न लाजता सांगा. एखादी बुडाली तर सात दिवसांच्या हिशेबात ती खपून जाते. पाच-सहा बुडाल्या असतील तर डॉक्टरांना विचारून टेस्टच पुढे ढकला.