बाबांचे शंभर शेअर विकताना गेलेले सहा आठवडे

“मॅडम, हा शेअर बाजारात नाहीये.” ब्रोकरच्या हेल्पलाइनवर हे वाक्य मी चार वेळा ऐकलं, चारही वेळा वेगळ्या माणसाकडून. शेअर बाजारात होता. तो कुठल्या बाजारात आहे आणि तिथे सौदा कसा होतो, हे फोनवरच्या एकालाही ठाऊक नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून ठेवतेय. जुने कागद घेऊन माझ्यासारखं कुणी बसलं असेल, तर निदान त्यांचे सहा आठवडे तरी वाचतील.

बाबा गेल्यावर कपाटात १९९४ सालची दोन सर्टिफिकिटं निघाली. दोन कंपन्या, प्रत्येकी शंभर शेअर. ते माझ्या नावावर करून डीमॅटमध्ये, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवायच्या खात्यात, आणायला सात महिने लागले. मृत्यूचा दाखला, भावाचं ना हरकत पत्र, नोटरीकडची प्रतिज्ञापत्रं, बँकेकडून सहीची खातरजमा. दमवणारं काम आहे, पण वाट ठरलेली आहे. पहिली कंपनी मोठी, एनएसई आणि बीएसई या मुंबईतल्या दोन्ही मोठ्या एक्स्चेंजवर नोंदलेली. सकाळी विकले, दुसऱ्या दिवशी पैसे आले.

दुसरी कंपनी भोसरीची, छोटी. मधल्या काळात तिचं नावही बदललेलं. डीमॅटमध्ये शंभर शेअर दिसत होते, किमतीच्या जागी शून्य. अ‍ॅपमध्ये नाव शोधलं तर काहीच नाही. हेल्पलाइनवरच्या पहिल्याच माणसाने निकाल दिला, “पुणे स्टॉक एक्स्चेंजवरचा दिसतोय. ते बंद झालं, त्यामुळे हा आता अनलिस्टेड, कुठल्याच एक्स्चेंजवर नाही.”

पुण्याचं एक्स्चेंज बंद झालं हे खरंच. सदाशिव पेठेत होतं, १९८२ मध्ये सुरू झालं आणि २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्ये नियम केला की वर्षाला हजार कोटींची उलाढाल नसलेल्या एक्स्चेंजनी बाहेर पडावं. एनएसईने १९९४ मध्ये संगणकावर देशभर सौदे सुरू केले, पुढच्याच वर्षी बीएसईही पडद्यावर आलं, आणि गावोगावच्या एक्स्चेंजांकडे धंदाच उरला नाही. पण बाबांनी शेअर घेतले त्या काळी कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय ज्या भागात, तिथल्या एक्स्चेंजवर नोंदणी करावीच लागे. म्हणून बऱ्याच कंपन्या पुण्यात नोंदवायच्या आणि सोबत मुंबईतही. पुण्याचं दार बंद झालं म्हणून मुंबईचं बंद होत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती सापडायला मला दोन आठवडे लागले.

सापडली ती आयएसआयएनमुळे. हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक डीमॅटच्या स्टेटमेंटवर असतो. नाव बदललं, एक्स्चेंज बदललं तरी शेअर त्यावरून ओळखता येतो. (दर्शनी मूल्याचे तुकडे होऊन एका शेअरचे अनेक शेअर झाले तर मात्र नवा क्रमांक मिळतो, हे लक्षात ठेवा.) बीएसईच्या संकेतस्थळावर तो टाकला आणि कंपनी समोर आली, सहा आकडी कोडसकट. एनएसई शेअर अक्षरांनी ओळखते, बीएसई आकड्यांनी. माझं अ‍ॅप आधी एनएसईतच शोधत होतं, आणि तिथे ही कंपनी कधी गेलीच नव्हती. एका एक्स्चेंजवर नोंदणी झाली म्हणजे दुसरीकडे आपोआप होत नाही, कंपनीला वेगळा अर्ज करावा लागतो.

मला वाटलं, संपलं. खरी अडचण इथून सुरू झाली.

सव्वानऊला बाजार उघडताच ऑर्डर टाकली, नाकारली गेली. अकराला टाकली, थोडा वेळ ‘प्रलंबित’ दिसली आणि मग ‘रद्द’. मी रद्द केली नव्हती. दुपारी पुन्हा टाकली, पुन्हा तेच. हेल्पलाइनने आधी नेटवर्कचं कारण दिलं, मग सांगितलं की टीपिन (डीमॅट खात्याचा गुप्त क्रमांक) टाकून शेअर विकायची परवानगी दिली नसेल. दिली होती, दोनदा. तिसऱ्याने परत पहिलं वाक्य ऐकवलं, “हा शेअर बाजारात नाहीये.” पडद्यावर आदल्या दिवशीचा भाव दिसत असताना!

शेवटी मी वहीच्या मागच्या पानावर वेळा लिहायला लागले. टाकली ११:००, रद्द ११:२२. टाकली ११:४०, रद्द १२:२१. टाकली १:५०, रद्द २:२३. आठवडाभराने पान नीट पाहिलं तर ऑर्डर केव्हाही टाकलेली असो, ती जायची तासावर वीस-बावीस मिनिटं झाली की. हे नेटवर्क नव्हतं, वेळापत्रक होतं. ते माझं मला सापडलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

झालं होतं असं. नेहमीच्या शेअरमध्ये सौदे सतत जुळत राहतात. ज्याचा भाव चांगला त्याचा नंबर आधी, भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली त्याचा. पण ज्या शेअरमध्ये उलाढाल जवळजवळ नसते, तो २०१३ पासून पिरिऑडिक कॉल ऑक्शनमध्ये टाकला जातो. साडेनऊपासून तासातासाच्या फेऱ्या. पहिली ४५ मिनिटं फक्त ऑर्डर गोळा होतात, पुढच्या आठ मिनिटांत जास्तीत जास्त शेअर ज्या भावाला जुळतील त्या एकाच भावाला सगळे सौदे होतात. न जुळलेल्या ऑर्डरी फेरी संपताना काढून टाकतात. पुढच्या फेरीत आपण परत टाकायची. ही यादी दर तिमाहीला बदलते आणि एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर असते. ब्रोकरच्या माणसाने ती एकदा उघडली असती तर माझा महिना वाचला असता.

मग रोज दोन फेऱ्या धरल्या. मागच्या भावाला चिकटून बसले नाही, किंचित खाली आले. साठ शेअर ५७ रुपयांना गेले, उरलेले चाळीस दोन दिवसांनी ५५.५० ला. पडद्यावर ‘पूर्ण’ हा शब्द दिसला तेव्हा मी भावाला फोन करून नुसतं “गेले” एवढंच म्हटलं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: कंपनीच्या शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारने शेअर माझ्या नावावर झाल्याचं कन्फर्मेशनचं पत्र मला दिलं, त्याची मुदत १२० दिवसांची होती. तेवढ्या दिवसांत ते डीमॅटसाठी द्यायचं होतं, म्हणून खातं आधीच उघडून ठेवा.

आणि कराचं. वारसाने आलेल्या शेअरला आधीच्या मालकाची खरेदी किंमत आणि तारीख लागू होते. इतक्या जुन्या शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ चा एक्स्चेंजवरचा सर्वांत वरचा भावही पाहावा लागतो. बीएसईच्या संकेतस्थळावर जुने भाव तारीखवार मिळतात. माझ्या शेअरमध्ये त्या दिवशी एकही सौदा झाला नव्हता. अशा वेळी त्याआधी ज्या दिवशी शेवटचा सौदा झाला तो दिवस धरतात. मी २९ जानेवारीच्या पानाची प्रिंट काढून सीएकडे दिली.